मावशींची दोन पाने

प्रत्येकाने स्वतःला आहे तसे स्वीकारावे, हे सगळ्या शहाणपणाचे सार आहे. ताडकळसच्या अलीकडे एका प्राथमिक शाळेत शिक्षक असताना मी हे माईकवरून दोनदा सांगितले. पहिल्यांदा माईक बंद होता.

त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सिनेमा गप्प बसून पाहता येत नसे. शनिवारी आम्ही भिंतीवर चादर लावून मुलांना कार्टून दाखवायचो. भाषा हिंदी, पहिली-दुसरीच्या लेकरांना निम्मे कळायचे. मावशी हात पुसत दारात यायच्या आणि पडद्यावर काय चालले आहे ते सांगू लागायच्या. "आता बगा, म्हातारी लय गोड बोलायलीय. गोड बोलनाऱ्याचे आदी हात बगावं." लेकरे म्हातारीचे हात बघायची, आणि हातात खरोखरच काहीतरी असायचे. राक्षस आला की तो उपाशी असेल, हा मावशींचा पहिला अंदाज. तोही बहुधा बरोबर निघे.

एकदा बदकासारखी पावले असलेल्या मुलीची परीकथा लावली होती. गाव हसते म्हणून ती चेटकिणीकडून माणसाची पावले घेते. मग तिला पोहता येईना. शेवटी ती आपली जुनी पावले परत मागून आणते. मावशींनी एका दमात निकाल दिला, "पाय भेटले, पर पानी गेलं. तिचे पाय वंगाळ नव्हतेच रे. हसनारे वंगाळ व्हते."

मी बरीच समीक्षा वाचली आहे; याहून नेमकी आठवत नाही. त्या दिवशी मला मात्र त्यातले फक्त 'वंगाळ' आणि 'व्हते' ऐकू आले, कारण पुढच्या आठवड्यात शिक्षणखात्याचे साहेब हाच सिनेमा मुलांसोबत बघायला येणार होते.

मावशींना बाजूला घेऊन मी म्हटले, साहेबांसमोर जरा शुद्ध बोला. त्यांना राग आला असता तर बरे झाले असते.

"मंग कसं बोलू, सर? तुमी लिहून द्या, मी पाठ करते."

मी दोन पाने लिहून दिली. आठवडाभर तांदूळ निवडताना ती पाने त्यांच्या परातीशेजारी असायची.

साहेब आले. मावशी पदर सारखा करून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "आता तिला मानवी पावले प्राप्त झाली आहेत," त्या म्हणाल्या. एकही लेकरू हसले नाही. पहिलीतल्या एका मुलीने मागे वळून विचारले, "मावशी, तुमाला काय झालंय?" मावशींनी तिच्याकडे न बघता पुढचे वाक्य म्हटले. साहेबांनी त्यांच्या भाषेचे कौतुक केले. मग मी स्वतःला स्वीकारण्यावर बोललो. या वेळी माईक चालू होता.

पुढच्या शनिवारी मुलांनी हाका मारल्या, पण मावशी दारात आल्या नाहीत. सर सांगतील, असा निरोप आला. मी सांगितले. निम्मी मुले पाणी प्यायला गेली, ती परत आली नाहीत.

अखेर मी स्वयंपाकखोलीत गेलो. माझं चुकलं, तुम्ही तुमचंच बोला, असे म्हटले. त्यांनी पातेल्यावरून नजर काढली नाही.

"नको, सर. माझ्या बोलण्यात चुका असतात."

हे वाक्य मी लिहून दिलेले नव्हते.

दीडेक वर्षाने त्या काम सोडून वालूरला लेकीकडे राहायला गेल्या. तोवर लेकरांशीही त्या जपून बोलू लागल्या होत्या. निरोपाच्या दिवशी साडी-नारळ देऊन मी त्यांना चार शब्द बोलायची विनंती केली. त्या उठल्या, "सर्वांनी खूप शिकावे," म्हणाल्या आणि बसल्या. मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

यंदा तालुक्याला शिक्षकांचे प्रशिक्षण आहे. विषय, मुलांना त्यांच्या बोलीतून कसे शिकवावे. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून माझे नाव गेले आहे. मी होकार कळवला आहे.