दगडीपाला आणि दगाभाऊंचा अंगठा

"आते इंजेक्शन बास, मॅडम. मी पालाच लावसू," दगाभाऊ स्टुलावर बसत म्हणाले.

धानोऱ्याचे शेतकरी, डायबेटीसचे पेशंट. पायाच्या अंगठ्याला कुदळ लागली आणि जखम चिघळली. मी नंदुरबारच्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट. जखमेतल्या पुवात कोणता जिवाणू आहे आणि तो कशाने मरतो, हे शोधणं माझं काम.

त्यांनी पिशवीतून दगडीपाला काढला. बांधावर उगवतो तोच. "मन्ही माय हाऊच वाटीसन लावे. जखम भरी जाये. खोटं वाटस ते तुम्हना मशीनमा टाकीसन देखा."

त्यांना घेऊन आलेले सर्जन वैतागले. "मॅडम, समजवा यांना. अंगठा जाईल."

"सर, मला बघायचंय."

"बघा. पण रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन चालू राहील."

दगाभाऊंनी कुरकुरत मान डोलावली.

पाला स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला. जिवाणूंचं खाद्य जेलीसारखं गोठवलेली ताटली म्हणजे आमची प्लेट. तिच्यावर दगाभाऊंच्याच जखमेतले जिवाणू पसरले. वर कागदाच्या बारीक चकत्या ठेवल्या: एक इंजेक्शनमधल्या अँटिबायोटिकची, एक अर्काची, एक नुसत्या स्पिरिटची. मारणारा पाला आहे की स्पिरिट, हे कळायला नको? ठेवण्याआधी सगळ्या चकत्या वाळवून स्पिरिट उडवलं होतं. दगाभाऊंच्या बायकोने, सुमनताईंनी, घरून वाटून आणलेला लेपही एका कडेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली. जिथे जिवाणू मरतात तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. अँटिबायोटिकभोवती मोठं होतं. स्पिरिटभोवती काहीच नाही. अर्काभोवती मात्र छोटं, पण स्पष्ट वर्तुळ! प्लेट खिडकीशी नेऊन मी कितीतरी वेळ बघत राहिले.

लेपाभोवती वर्तुळ नव्हतंच. उलट तिथे हिरवट, चिकट असं काहीतरी वाढलं होतं. नुसता लेप नव्या प्लेटवर लावला. पुन्हा तेच. म्हणजे हे जिवाणू लेपातूनच आले होते.

दगाभाऊंना दोन्ही प्लेटी दाखवल्या.

"म्हणजे पाला खोटा नही?"

"नाही, भाऊ. पाल्यात गुण आहे. पण लेपात तो अर्काइतका उतरत नाही, पुरा पडत नाही आणि वर नवे जिवाणू जखमेत जातात."

"मी पाटा धुईसनच वाटस," सुमनताई दुखावल्या.

"ताई, मातीतले, पाण्यातले जिवाणू नुसत्या धुण्याने जात नाहीत. शुगर नसलेला माणूस एखादे वेळी निभावून नेतो. यांचं तसं नाही."

दगाभाऊ हिरव्या डागाकडे बघत राहिले. मग बाही वर केली. "दी टाका इंजेक्शन."

नख गेलं, अंगठा वाचला. पाल्यातलं नेमकं काय काम करतं, ते मी अजून शोधतेय. तोवर तो बांधावरच बरा.