भाऊजींचा टायमिंग बेल्ट

कमलाकरभाऊजी पंचायत समितीतून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या घरात एकही वस्तू सुखाने बंद पडू शकत नाही. मिक्सर जरा कुरकुरला की भाऊजी पाना घेऊन हजर. मी त्यांचा मेव्हणा, गोपाल. त्यांच्या या हौसेवर मी मनसोक्त दात काढत आलो. पण मिक्सर वेगळा आणि मोटारीचं इंजिन वेगळं, हे त्या माणसाला कोण सांगणार?

माझी बहीण रजनी, म्हणजे भाऊजींची बायको, हिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला यवतमाळ गाठावं लागतं. एक खेप चुकली की अंगात पाणी साचतं, धाप लागते, आडवं होता येत नाही. आमच्या गावाहून, बोरी अरबहून, एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून भाऊजींची जुनी डिझेल गाडी. दसऱ्याआधीच्या मंगळवारी परत येताना इंजिनातून चिरचिर आवाज आला. बुधवारी सकाळी प्रेमसिंग मिस्त्रीने कव्हर काढून पाहिलं.

"टायमिंग बेल्टले भेगा पडल्या, साहेब. चालता चालता तुटला तं इंजिन खलास. हा नवा बेल्ट तुमच्यापाशी ठेवा. मी सणाले तांड्यावर चाललो, सोमवारी बसवून देतो. तोवर गाडी हलवू नका."

सोमवारी! आणि मधला शुक्रवार?

"मी दुसरी गाडी पाहतो," मी म्हटलं.

"कायले?" भाऊजी म्हणाले. "बेल्टच तं बदलवाचा आहे. मी बदलवतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इंजिनात एक चाक वर असतं, एक खाली, आणि हा दातेरी पट्टा दोघांना एका तालात फिरवतो. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर आतले भाग एकमेकांवर आदळतात. हे मला भाऊजींनीच सांगितलं, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहून. जुना पट्टा काढण्याआधी दोन्ही चाकांवर रंगाची खूण करायची, नवा पट्टा त्याच खुणांवर चढवायचा, की झालं. घरातला रंगाचा डबा सुकून दगड झाला होता. पेन तेलकट लोखंडावर उठेना. मग भाऊजींनी देवघरातला शेंदूर तेलात कालवला आणि वरच्या चाकावर एक, खालच्या चाकावर एक असे दोन टिके दिले. खरं सांगतो, मला ती युक्ती आवडली. पट्टा कसाबसा निघाला, पण तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट अडकून बसला. तो सुटेपर्यंत दिवस मावळला. उरलेलं उद्या करू म्हणून आम्ही उठलो.

उद्या दसरा.

सकाळी नऊ वाजता मी आपट्याची पानं घेऊन गेलो, तर रजनीताई अंगणात गाडीसमोर स्टुलावर बसलेली. गेले चार महिने ही बाई कुणाच्या आधाराशिवाय ओसरीची पायरी उतरली नव्हती. आज एकटी उतरली होती. हिरवं पातळ नेसली होती, हातात हळदीकुंकवाची कोयरी, समोर झेंडूचा हार घातलेली गाडी. बॉनेट उघडंच होतं. आत इंजिन लखलखत होतं आणि दोन्ही चाकांवर गोल पाच-पाच टिके, हळदीचे आणि कुंकवाचे.

"पाह्य गोपाल," ती म्हणाली, "यायनं दोनच टिके लावून सोडलते, ते बी तिरपे. अर्धी पूजा ठेवत असते का? म्या ओल्या फडक्यानं चाकं फिरवू फिरवू पुसले आन् पुरी केली. मले इतकी नेते-आणते बिचारी."

आंघोळ करून भाऊजी दारात येऊन उभे होते. मला वाटलं, आता फुटणार. माझ्याच तोंडात शब्द आला होता. भाऊजींनी इंजिनाकडे पाहिलं, मग ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता तिच्या, पण इतकी खुश मी तिला आजारपणात पाहिली नव्हती.

"चांगली केली," ते म्हणाले. "आता आत जाऊन पड जरा."

ती आत गेल्यावर मी विचारलं, "फोटो काढलता का?"

"कायले काढू? खुणा होत्या न."

प्रेमसिंगला फोन लावला. तो ओरडलाच, "हात काहून लावला? कंपनीच्या खुणा राह्यते, पण त्या तुमाले नाही समजणार. मी येईपर्यंत काही करू नका." वरच्या चाकावरची रेघ आम्हाला सापडली. खालची काही केल्या सापडेना. मी गावातल्या तिन्ही गाडीवाल्यांना शुक्रवारसाठी गाडी विचारली. सण होता, कुणाकडे पाहुणे, कुणी परगावी. भाऊजी मात्र पट्टा चढवायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे. दुपारी त्यांनी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं.

"जड लागून राह्यलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहताच, "नवा बेल्ट आहे. असन."

आम्हा दोघांनाही माहीत होतं की तसं नाही. तरी मी त्यांचा हात धरला नाही. शुक्रवार समोर उभा होता. भाऊजींनी किल्ली फिरवली. एकदाच कट्ट आवाज आला आणि सगळं थांबलं.

शुक्रवारी सकाळी एका ओळखीच्याने सोयाबीनच्या पोत्यांच्या पिकअपमध्ये ताईला पुढे बसवून घेतलं. आम्ही दोघं मागे पोत्यांवर. त्याला वाटेत माल उतरवायचा होता. दवाखान्यात पोचेपर्यंत ताईचा नंबर गेला होता. आता चार वाजता मशीन रिकामं होईल, असं सिस्टरने सांगितलं. ताई बाकावर भाऊजींना टेकून बसली. पाय सुजले होते आणि दर वाक्याला श्वास घ्यावा लागत होता.

"बरं झालं... म्या पूजा केली," ती म्हणाली. "म्हणून घरीच बंद पडली. रस्त्यात पडली असती तं?"

"हो न," भाऊजी म्हणाले. "तुह्यामुळंच वाचलो."

साडेचारला तिला आत नेलं आणि दार लागलं. भाऊजी बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी चहा आणला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"या दाराच्या अंदर मले काहीच करता येत नाही, गोपाल," ते म्हणाले. "दारापर्यंत आणनं, तेवढंच माह्या हातात होतं रे."