आत्या पेणहून आली

आमच्या पापड केंद्रात किस्से साठतात त्याचं कारण सोपं आहे. लाटताना दोन्ही हात अडकलेले, डोळे पोळपाटावर, मग मोकळं काय राहिलं? तोंड! पेणला आमची जागा म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे वाळवणाला अंगण आणि शेजारी गणपतीचा कारखाना. तिकडची पांढरी धूळ इकडे आली की मी ओरडते, मग ते पाणी मारतात. केंद्राची मालकीण मी आहे. पण मालकीणबाई कोणी म्हणत नाही. सगळ्या वहिनी म्हणतात आणि माझं काही ऐकत नाहीत.

हल्ली यातले निम्मे किस्से वैशालीचे असतात. लोकांना वाटतं, तिला काम देऊन आम्ही तिच्यावर उपकार केले. छे हो! ऐका आणि तुम्हीच ठरवा.

*

वैशाली आली ती ऐन वाळवणाच्या घाईत. उंच, सुती साडी, घट्ट अंबाडा, आवाज थोडा जाड. "काम मिळेल का?" एवढंच तिनं विचारलं आणि शेडमधली सगळी लाटणी थांबली.

लीलाताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. खाडीकाठच्या, त्यामुळे आडपडदा ठाऊक नाही. त्यांनी सरळ विचारलं, "तू बाई हायस का बुवा?"

"बाई आहे. जन्मले तेव्हा घरच्यांना मुलगा वाटला."

"मंग सांगायचं नाय व्हय त्यांना?"

"सांगितलं की. म्हणून तर घर सुटलं."

नाव विचारलं, तर म्हणाली, वैशाली, माझं मीच ठेवलं. लीलाताईंना ते काही पटेना. "सोताचं नाव सोता ठेवायचं तर जरा हिरोइनसारखं तरी ठेवायचं! वैशाली काय? पेणच्या बाजारात हाक मारली तर चार जणी वळतील."

"मला त्या चौघींबरोबरच वळायचं होतं," वैशाली म्हणाली.

 लीलाताईंनी आपला पाट सरकवून तिला जागा केली. आमच्याकडची मुलाखत एवढीच.

तिचं घर अष्टमीला, रोह्याच्या पुलापलीकडे. घरात आई, धाकटा भाऊ मंगेश आणि त्याची बायको. आईची अट एकच, यायचं तर शर्टपँट घालून ये. त्यामुळे वैशाली कित्येक वर्षं गेली नव्हती. एकदा पीठ मळता मळता मला म्हणाली, "वहिनी, मला दुसरं काही नको. एकदा साडी नेसून आईच्या दारातून आत जायचंय."  मी पिठात आणखी थोडं तेल घातलं.

*

आता आमच्या चांगुलपणाचा किस्सा. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की वैशालीशी चांगलं वागायचं. मग काय विचारता! शबाना आमची पॅकिंगवाली. एरवी सगळ्यांना "ए" म्हणून हाका मारते, ती "वैशालीताई, पाणी देऊ का?" करायला लागली. रोज कोणीतरी तिच्या साडीचं कौतुक करायचं. साडी तीच, कौतुक नवं.

इकडे तिचे पापड जाड होत होते. कडा मोठ्या, मध्ये पीठ. सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? तिला वाईट वाटलं तर? शेवटी माझा संयम सुटला. एक पापड उचलला आणि म्हटलं, "वैशाली, हा पापड आहे का भाकरी? कालवण आणू का सोबत?"

 शबानानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी कोणाचा तरी खूनच केलाय.

वैशालीनं लाटणं खाली ठेवलं आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "हां वहिनी! आज वाटलं, खरंच कामाला लागले."

तेव्हापासून मी तिला रोज ओरडते. बाकीच्यांना ओरडते तेवढंच, जास्त नाही.

*

एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या आमचं ट्रेनिंग घ्यायला. लिंगभाव, ओळख, कोणाला काय म्हणायचं, सगळं छान समजावून सांगत होत्या. अशी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, देवीच्या सेवेतही आहेत, असंही म्हणाल्या.

लीलाताई म्हणाल्या, "आमच्या गावात होती की एक. गौरीच्या नाचात सगळ्यात पुढं. आम्ही मावशी म्हणायचो." मॅडम खूश झाल्या. लीलाताई जरा थांबून म्हणाल्या, "पण बारशाला, डोहाळजेवणाला तिला कुणी बोलवायचा नाय. ते पण खरं हाय." मॅडमनी मान हलवली आणि हे सगळ्यांना पुन्हा सांगायला लावलं. मला त्या मॅडम आवडल्या.

मग त्यांनी खेळ घेतला. सगळ्या एका रेषेत उभ्या. मॅडम एक वाक्य बोलणार, ते जिला लागू असेल तिनं पुढे यायचं. पहिलं वाक्य आलं, "मला घरी न विचारता बाहेर जाता येतं."

वैशाली पुढे गेली. बाकीची रेष जागच्या जागी! आम्ही एकमेकींची तोंडं बघतोय. मी मालकीण, पण मीसुद्धा तिथेच. मॅडम पुढचं वाक्य विसरल्या.

मग सगळ्यांना पुन्हा रेषेवर उभं करून त्या म्हणाल्या, "मला माझ्या आईच्या घरी हवं तेव्हा जाता येतं." आम्ही सगळ्या पुढे गेलो. ज्यांच्या आया हयात नाहीत त्यासुद्धा सवयीनं गेल्या. वैशाली तेवढी मागे राहिली.

कोणी काही बोलायच्या आत लीलाताई वळल्या आणि मागे जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला लागू नाही का हे?" लीलाताई म्हणाल्या, "पाय दुखतात."

त्या संध्याकाळी वैशाली आम्हाला बाजारात पाणीपुरी खायला घेऊन गेली. घरी न विचारता. आमच्या ह्यांचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. मी म्हटलं, बाहेर. एवढं एक वाक्य बोलायला मला लग्नानंतर इतकी वर्षं लागली, आणि ते मी वैशालीकडून शिकले. तिचे आभार मानायचे राहून गेले, कारण तोंडात पुरी होती.

*

एकदा काउंटरला एक गृहस्थ आले. वैशालीला बघून म्हणाले, "हे असले लोक पापड करतात होय इथे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पदर खोचला. लीलाताई लाटणं घेऊन उठल्या. शबाना तर हिंदीत सुरू झाली, आणि ती हिंदीत गेली की समजायचं, आता खैर नाही. त्या गृहस्थांना आम्ही शेडच्या कोपऱ्यात नेऊन असं झोडपलं, तोंडानंच हो, की बिचारे घामाघूम झाले.

हे सगळं होईपर्यंत वैशालीनं मागच्या तीन गिऱ्हाइकांना माल दिला, सुटे पैसे दिले, वर एकीला पापड कसे तळायचे तेही सांगितलं. ते गृहस्थ निघाले तर त्यांच्याही हातात पाकीट दिलं. त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

"अगं, आम्ही तुझ्यासाठी भांडत होतो," मी म्हटलं.

"कळलं की, सगळ्या पेणला कळलं," ती म्हणाली. "पण वहिनी, पुढच्या वेळी आधी मला विचाराल का, मला भांडायचंय की नाही? आज मला नुसता माल विकायचा होता."

आमचा दिवसभराचा आवेश खाली बसला. पण पटलं. तेव्हापासून शेडचा नियमच झाला की वैशालीचं काही असेल तर आधी वैशालीला विचारायचं. तो नियम आम्ही इतका पाळला, इतका पाळला की ती चहा घेणार का हेही दोनदा विचारायला लागलो.

*

शबानाचं माहेर अष्टमीचं. तिच्या अम्मीनं पापड मागवले होते, तर ती वैशालीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. येशील का?" (विचारलं बरं का!) वैशाली जरा घुटमळली, पण गेली. रोह्याला उतरल्या, पूल ओलांडला. तिचं घर त्याच बाजूला, पुढच्या गल्लीत.

अम्मीनं दोघींना बसवलं, सांदण वाढलं आणि वैशालीला निरखत विचारलं, "कोणाची गो तू?"

वैशालीनं खोटं सांगितलं नाही. मंगेशच्या घरची, म्हणाली.   मग अम्मी म्हणाल्या, "म्हंजे लहानपणी आमच्या अंगणातली जांभळं खायाची ती तू! आणि इतकी वर्षं इकडं फिरकली नायस? घे, आणखी एक घे." आणि सांदण वाढता वाढता सांगून टाकलं, "तुझ्या भावाला मुलगी झाली, माहीत हाय ना?"

तिला माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नुसता कल्लोळ. लीलाताई म्हणाल्या, मी जाते आणि त्या मंगेशचा कान धरून आणते. शबाना म्हणाली, अम्मीला मध्ये घालू. मी म्हटलं, ट्रेनिंगच्या मॅडमना फोन लावू. मग आमचा नियम आठवला आणि आम्ही ओळीनं वैशालीकडे वळलो. "बाई, काय करू आम्ही?"

"काही नको," ती म्हणाली. "मंगेशच्या बायकोला अळिवाचे लाडू करते. आणि बाळाला माझ्या जुन्या साडीचं दुपटं शिवते. शबाना, देशील नेऊन?"

शबानानं नेऊन दिलं. परत आल्यावर सगळ्यांनी तिला घेरलं. ती म्हणाली, "आईनं दुपटं हातात घेतलं. कोणी शिवलं ते विचारलं नाय. पण खाली पण ठेवलं नाय."

पुढच्याच आठवड्यात एक माणूस काउंटरला आला. पोह्याचे पापड घेतले. पैसे दिले, गेला, पुन्हा आला, मिरगुंड घेतली. पुन्हा आला, फेण्या घेतल्या. मी म्हटलं, हॉटेल आहे की काय ह्याचं! शेवटी हळूच मला म्हणाला, "मी मंगेश. रविवारी बारसं हाय. बायको हटून बसली, सख्खी आत्या असताना दुसरी उभी करणार नाय म्हणते."

"मग मला काय सांगतोस? ती बघ तिकडे बसलीय," मी म्हटलं.

तो लाटणाऱ्या बायकांमधून वाट काढत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला.  मग म्हणाला, "वैशाली, येशील का? साडी नेसूनच ये. आईचं मी नाय सांगू शकत. पण तू ये."

शबाना रडली, मी रडले. लीलाताई म्हणाल्या, पिठात मिरची जास्त झालीय.

*

रविवारी आम्ही सगळ्या अष्टमीला. वैशालीनं हिरवी साडी नेसली होती आणि गाडीत सारखी निऱ्या नीट करत होती. घरासमोर आलो तर आई दारातच बसलेली. वैशालीकडे बघितलं नाही, बोलली नाही. पण पाय आत घेतले आणि वाट दिली.

आत शेजारणी जमलेल्या. एकमेकींच्या कानात काहीतरी चाललं होतं. पाळण्याची गाणी झाली आणि कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "आत्या कोण उभी राहणार?" बाळंतिणीनं कोणाकडेही न बघता वैशालीला पाळण्याजवळ बोलावलं.

वैशाली वाकली.  बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं.

आता तुम्हाला माहीत आहे, आत्या नाव सांगते तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण एकीचा हात पुढे होईना. शेजारणींना वाटलं, हिला हात कसा लावायचा? आणि आम्ही! आम्ही तर इतक्या शहाण्या झालेलो की न विचारता हात कसा लावायचा? लीलाताईंचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. खोलीत कोणी हलेना. वैशाली तशीच वाकलेली, पाळण्याची दोरी घट्ट धरून.

तेवढ्यात दारातून आई उठली. शेजारणींना बाजूला सारत आली आणि वैशालीच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं.

वैशाली सरळ व्हायला गेली. आईनं तिचा खांदा दाबून धरला.

"उठतेस कुठं गो," आई म्हणाली, "वाकून ऱ्हा. अजून सगळ्या बाकी हायत."