कोविड आधी कोणाला झाला

पहिल्या लाटेत, गटारीच्या आठवड्यात, टेमघरला माझ्या सासऱ्यांच्या घरात कोविड शिरला. तिघांना झाला: सासरे, माझा साडू आणि मी. आम्ही दोघे बरे झालो, सासरे गेले. आजार घरात साडूने आणला असे कुटुंबात मानले जाते. ही माहिती खुद्द साडूनेच दिलेली आहे. त्याला ओळखणाऱ्या कोणालाही तिचे नवल वाटले नाही, कारण हा माणूस आयुष्यात कधीही, कुठेही, कशातही दुसरा आलेला नाही.

वडप्याला हायवेच्या कडेला अजून भात लावला जात होता तेव्हा गावातले पहिले गोदाम त्याने बांधले. ते भाड्याने द्यायला त्या वेळी भाडेकरूच नव्हता, म्हणून पहिले वर्षभर त्यात त्याच्या म्हशी राहिल्या. लग्नाला तो मुहूर्ताच्या दोन तास आधी पोचतो. एकदा मुलीकडच्यांनी त्याला मांडववाल्याचा माणूस समजून पंखे कुठे लावणार असे विचारले. त्याने सगळे पंखे लावून दिले आणि मग पंगतीच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. मतदानाच्या दिवशी केंद्राचे दार उघडते तेव्हा कर्मचाऱ्यांना तो पायरीवर बसलेला दिसतो. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात वार्ताहर आहे. माझी बातमी छापून आली की ती माझ्याआधी तो वाचतो आणि सकाळी सहाला फोन करतो. "पेपरवाले, उठलास का? पान तीन बघ. सरपंचाचं आडनाव चुकवलंस." आडनाव खरेच चुकलेले असते. लसीकरण सुरू झाले तेव्हा केंद्रावर पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा आहे असे त्याला समजावून सांगण्यात आले. "त्यांना टोचा ना, मी कुठं न्हाय बोलतोय," तो म्हणाला. "सुई त्यांना पयली द्या, वहीत नाव माझं पयलं लिवा."

माझा त्याच्यावर जो जळफळाट आहे तो गोदामांमुळे नाही. तो सासुरवाडीवरून आहे. आम्ही दोघे त्या घरचे जावई. पण साडू हा सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामाची मुलगी केलेला. शाळेसाठी तो लहानपणापासून टेमघरलाच राहिला, म्हणजे जावई होण्याआधी वीस वर्षे तो त्या घरात भाचा होता. सासऱ्यांना तो मामा म्हणायचा, सासूबाईंना मामी. मी दारात आलो की सासूबाई पदर सारखा करून म्हणतात, "या जावईबापू, बसा. पंखा लावू का?" आणि खुर्ची पुसतात. साडू आला की आतून आवाज यायचा, "मेल्या, चपला घालून सैपाकात आलास!" तो चपला काढायचा आणि थेट टोपावरचे झाकण उचलायचा. मी सतरा वर्षे त्या खुर्चीवर बसलो आहे. स्वयंपाकघरातल्या टोपाचे झाकण मी एकदाही उचललेले नाही.

त्या रविवारी गटारीचे मटण होते. लॉकडाऊन चालूच होता; माझ्याकडे पत्रकाराचा पास होता आणि साडूला पासाची गरज वाटत नव्हती. आदल्या दिवसापासून, म्हणजे शनिवारपासून, माझा घसा खवखवत होता. तो संपूर्ण आठवडा मी वडपे नाक्यावर उभा राहून बातम्या केल्या होत्या, तेव्हा ती धूळ असावी असे मी स्वतःला सांगितले. जेवायच्या आधी हात धुताना मला खोकला आला. साडू शेजारी टॉवेल घेऊन उभा होता.

"काय रं, घसा धरला?"

"वडप्याची धूळ, दादा. ट्रकांची."

"आमच्या धुलीला नावं ठेवू नको. ती खाऊनच आमी जगलो," तो म्हणाला आणि आत जाऊन मला गरम पाणी घेऊन आला. जेवताना मी सासऱ्यांच्या शेजारी बसलो. मटण त्यांनी स्वतः वाढले आणि नळी माझ्या ताटात टाकली. ती नेहमी साडूला मिळते. त्या दिवशी मला फार बरे वाटले होते, हे नोंदवले पाहिजे.

बुधवारी साडूला ताप आला, गुरुवारी मला आणि सासऱ्यांना. चाचणीच्या रांगेत साडू अर्थातच पुढे होता, त्यामुळे त्याचा रिपोर्ट शुक्रवारी आला आणि माझा शनिवारी. सासऱ्यांचा श्वास पहिल्या दिवसापासूनच कमी होता; त्यांना ठाण्याच्या एका रुग्णालयात हलवले. आम्हा दोघांना ज्या केंद्रात नेले ते एरवी लग्नाचे सभागृह होते. खाटा भरत आल्या होत्या, म्हणून साडूला स्टेजवर जागा मिळाली, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथे. मागच्या पडद्यावर थर्माकोलचा अर्धा मोर शिल्लक होता. त्याचे स्वतःचे लग्न याच स्टेजवर झाले होते, ही गोष्ट तासाभरात वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला कळली. "तेव्हाबी मना इथंच बसवलेला आनि हलू नको बोल्लेले," तो वरून सांगायचा. नर्सेस हसायच्या. माझी खाट जेवणानंतर हात धुवायचे नळ असतात त्या भिंतीला होती. तिथे कोणी हसण्यासारखे काही नव्हते.

आजार मला जास्त झाला होता, हे कागदोपत्री सिद्ध करता येईल. मला सात दिवस ताप होता, त्याला तीन. मी खाटेवरून नळापर्यंत सहा पावले चालून धापा टाकत बसायचो. वास गेला, चव गेली. वरणाचा घास तोंडात फिरवताना कागद चावल्यासारखे वाटायचे. दुपारी पालथे झोपून मी फरशीवरच्या हिरव्या ठिपक्यांच्या रांगा मोजायचो. साडूचा वास एक दिवसही गेला नाही. डब्यातून सुकटीची चटणी आली की तो स्टेजवरून मोठ्याने तिचे वर्णन करायचा. तुला कळत नसेल तर मी सांगतो, असा त्यामागे विचार असे. सकाळी नर्स बोटाला ऑक्सिमीटर लावून गेली की आवाज यायचा, "पेपरवाले, तुजा किती?"

"ब्याण्णव."

"माजा सत्त्याण्णव. जोर लाव जरा."

दुसऱ्या दिवशी मी चौऱ्याण्णव सांगितले, तेव्हा टाळ्या वाजवणारा तोच होता. मी वॉर्डात कोणाच्या तरी डोळ्यांसमोर बरा होतो आहे, ही भावना मला त्याच्यामुळे आली. आणि त्याच वेळी, माझ्यापेक्षा पाच अंकांनी तो कायम पुढे राहील हेही कळून चुकले.

नवव्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. तो ऐकून घेत होता, बोलत नव्हता. मग स्टेजच्या पायऱ्या उतरून तो माझ्या खाटेपाशी आला, पायाशी बसला आणि म्हणाला, "मामा गेला." अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. आम्हा दोघांपैकी कोणालाही जाता आले नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला तेव्हाही तो माझ्याच खाटेवर होता. त्याने स्पीकर लावला. त्यांची स्वतःची चाचणी निगेटिव्ह आली होती. घरात त्या एकट्या होत्या. रडणे झालेले होते. आवाज कोरडा होता.

"मना येवढाच सांगा," त्या म्हणाल्या. "यो घरात आनला कोनी?"

मी शनिवारचा घसा सांगण्यासाठी तोंड उघडले. शब्द जुळवायला मला वेळ लागतो, ती माझी सवय आहे. साडू तोवर बोलून मोकळा झाला होता.

"मी आनला, मामी. गटारीच्या आधीपासून अंगात कसकस व्हती. तरी आलो. पयला मीच."

हे खरे नव्हते. गटारीच्या दिवशी त्याने दोन ताटे मटण खाऊन अंगणात पोरांबरोबर क्रिकेट खेळले होते. फोन बंद झाला. मी त्याच्याकडे पाहिले, तर तो ऑक्सिमीटर शोधत होता. मला आधी सुटल्यासारखे वाटले. नंतर, रात्री कधीतरी, हेवा वाटला. ते वाक्य बोलायचे माझे होते. तेही त्याने आधी बोलून टाकले.

बरे होऊन तो वडप्याला परतला तेव्हा गावाने वेशीवर बँजो लावला होता, बायकांनी ओवाळले, फुले उधळली. तो गावातला पहिला बरा झालेला रुग्ण होता. मी तीन दिवसांनी घरी आलो तर वॉचमनने मागच्या जिन्याने जायला सांगितले. आमच्या इमारतीतला मी पाचवा होतो. वास यायला मला चार महिने लागले, केस मूठमूठ गळाले, आणि या सगळ्याची चौकशी करायला दररोज सकाळी सहाला एकच फोन यायचा.

सासूबाईंनी मात्र त्या संध्याकाळपासून साडूशी बोलणे बंद केले. तो टेमघरला यायचा, चपला बाहेर काढायचा आणि माझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसायचा. त्याला खुर्चीत बसता येत नाही. सारखी चुळबुळ करतो. सासूबाई मुलीला सांगायच्या, "तुझ्या नवऱ्याला विचार, चाय घेतो का?" नवरा तीन फुटांवर असे. तरी ताटात सुकटीची चटणी त्याच्याच वाटणीला जास्त यायची, न बोलता. माझ्यावर त्या कधी एवढ्या रागावल्या नाहीत. मला याचाही हेवा वाटला आहे. माझ्याशी त्या पूर्वीपेक्षा जास्त अदबीने बोलू लागल्या, आणि मी पंखा लावून घेत राहिलो.

आमच्या धंद्यात चुकीची माहिती छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. हा खुलासा काही वर्षे राहून गेला. मी तो देण्याचा प्रयत्न एकदाच केला, तोही साडूकडे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही दोघे गळ्यापर्यंत बसलो होतो. तिथे तो दर हिवाळ्यात गुडघ्यांसाठी जातो आणि मला बरोबर नेतो. मी म्हणालो, "दादा, शनिवारपासून माझा घसा—"

"कुठला शनवार?"

"तुला माहीत आहे कुठला. तू टॉवेल घेऊन उभा होतास."

त्याने तोंडावर पाणी मारले. "तुला सगल्यात पयला यायची भारी हौस रं," तो म्हणाला. "जा की, कशातबी जा. यात नको."

"मामी तुझ्याशी बोलत नाहीत."

"मना बोलतील कदी तरी. मी त्या घरचा हाय. तुला न्हाय बोलली तर तू कुठं जाशील?"

ते खरे होते, आणि तेच मला सर्वात जास्त लागले.

या वर्षी त्याच्या मुलीचे लग्न ठरले. नातीच्या अंगाला हळद आजीच्या हाताने लागायची अशी त्या घरची पद्धत आहे. पत्रिका घेऊन तो टेमघरला आला, पण आत आला नाही. गेटबाहेर गाडीला टेकून उभा राहिला आणि बायकोला आत पाठवले. सासूबाईंनी पत्रिका देवापुढे ठेवली, नातीसाठी साडी दिली, आणि सांगितले की लग्नाला हॉलवर येईन, हळदीला त्याच्या घरात पाय ठेवणार नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिले. एरवी लग्नघरी दोन तास आधी पोचणारा माणूस गेटच्या कडीवरून बोट फिरवत होता.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटा टेमघरला गेलो. सासूबाई स्वयंपाकघरात जवळा निवडत होत्या. त्यांनी खुर्ची पुसायला उठू नये म्हणून मी जमिनीवर बसलो आणि सांगितले: घसा शनिवारपासून माझा दुखत होता. साडूला ताप बुधवारी आला. त्या दिवशी बाबांच्या शेजारी मी बसलो होतो.

त्यांचे हात जवळ्यात थांबले.

"त्याला म्हाईत व्हता?"

"होतं."

"कवापासून?"

"गटारीच्या दिवसापासून."

सूप त्यांनी बाजूला सारले. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "आनि तुमी येवढी वर्सं माज्या हातचं जेवत व्हते," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल घेतला, वडप्याचा नंबर लावायला सांगितला. मी लावून दिला. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले. फोन बावीस मिनिटे चालला. त्यात काय बोलणे झाले याची माहिती मिळू शकली नाही. त्याच संध्याकाळी मी घरी पत्नीलाही सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि हळदीला न्यायची पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी आणि मी टेमघरला पोचलो. नऊच्या सुमारास साडूची गाडी तिथे आली. त्याने हॉर्न वाजवला नाही. सासूबाई हळदीचे ताट घेऊन पुढच्या सीटवर बसल्या, माझी पत्नी मागे, साडूबरोबर आलेल्या बहिणीशेजारी. मागे आणखी एक जागा होती. साडूने आरशातून माझ्याकडे पाहून हाताने ये म्हणून खूण केली. पत्नीने त्या जागेवर पिशवी ठेवली. मी रिक्षाने गेलो.