माझ्या डोक्यावरचा फेटा

परभणीत कपड्याच्या दुकानावर दोन खोल्या, सहा माणसं, एवढीच आमची सॉफ्टवेअरची कंपनी. पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला मी तिथला सगळ्यात हुशार. हे मी म्हणत नाही, मालक म्हणायचे, तेही मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

दोन वर्षांपूर्वी मानवतच्या बाजूच्या एका कापसाच्या जिनिंग मिलसाठी आम्ही टोकनचं ॲप केलं. कापूस घेऊन येणाऱ्यानं गेटवर ताटकळू नये, घरूनच मोबाईलवर नंबर लावावा आणि पाळी आली की गाडी काढावी, एवढंच त्याचं काम. एका मोबाईल नंबरवर एकच शेतकरी असणार, असं मी धरून चाललो होतो.

ॲपच्या तपासणीचं काम एका मॅडमकडं होतं. त्या पालमहून रोज एसटीनं यायच्या. वर्षभराच्या करारावर होत्या. कायम झाल्या तरच घरचे पुढं नोकरी करू देणार होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सीझनच्या आठ दिवस आधी त्या मला म्हणाल्या, "सर, गावाकडं एका मोबाईलवर तीन-तीन भावांची नावं असतेत. दुसऱ्याचं नाव टाकलं की पहिल्याचं पुसून जायलंय."

मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या शंका संपेपर्यंत कापूस संपेल." सगळे हसले. त्याही थोडं हसल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

खरेदीच्या पहिल्या सकाळी व्हायचं तेच झालं. जिनिंगच्या गेटपासून पार डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि टेम्पो, आणि निम्म्या लोकांची टोकनं गायब. मालकांनी मला गाडीत घातलं आणि आम्ही तिथं पोचलो. लोक चिडलेले, जिनिंगचे शेठ त्याहून जास्त. मी एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. ॲप दुरुस्त करायला मला वीस मिनिटं पुरली. पण पुसलेली नावं आणायची कुठून?

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आदल्या दिवशी त्यांनी दर तासाला जिनिंगच्या मुनीमाला फोन लावून त्याच्या स्क्रीनवर आलेलं प्रत्येक नाव वहीत क्रमानं उतरवून ठेवलं होतं. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तो नव्हता हे बरंच झालं. त्या ऑफिसातून नावं सांगत गेल्या, मी कानाला फोन लावून टाइप करत गेलो. दोन तासांत रांग हलली. शेठनं शंभर माणसांसमोर माझी पाठ थोपटली. फोनच्या पलीकडे कोण आहे ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

शनिवारी ऑफिसात माझा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. "हा होता म्हणून अब्रू वाचली," मालक म्हणाले. मला दोन शब्द बोलायला लावलं. "हे आपल्या टीमचं यश आहे," असं मी म्हणालो. काय नम्र वाटलं ते! एका माणसाचं नाव न घ्यायचं असलं की हा टीम शब्द फार कामाला येतो. मॅडम मागं उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

त्या सत्कारातून बाकीचे काय शिकायचं ते शिकले. तपासणीत कुणाला रस उरला नाही. चूक दिसली तरी गप्प बसायचं, बोंब झाली की धावत जायचं आणि शाबासकी घ्यायची, ही नवी रीत माझ्यापासून पडली.

मार्चमध्ये मॅडमचा करार संपत आला. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, "तू असल्यावर तपासायला वेगळं माणूस लागतं का रे?" लागतं, असं म्हणायचं तर चूक माझी होती हेही सांगावं लागलं असतं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," मी म्हणालो. त्याची मला आजही शरम वाटते. मॅडम महिनाअखेरीस गेल्या.

मागच्या महिन्यात कामानिमित्त पालमला गेलो होतो. स्टँडवर मॅडम दिसल्या, सोबत सासूबाई. मॅडमनी ओळख करून दिली, "हे आमच्या ऑफिसातले सर."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मंग तुमीच सांगा बाबा. हिच्या हातून असं काय चुकलं होतं, का काढूनच टाकलं? लय इचारलं, ही काय बोलतच न्हाई."

मॅडम एसटीच्या पाटीकडे बघू लागल्या. एवढे दिवस घरात त्या चुकलेल्या म्हणून राहत होत्या. "मावशी, चूक माझी होती," मी म्हणालो. "यांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर मालकांसमोरही गप्प बसलो. यांची नोकरी माझ्यामुळं गेली."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सुनेकडे वळल्या. "बघ, एवढा मोठा माणूस, आन् तुझी चूक सोताच्या अंगावर घ्यायलाय. पाया पड त्यांच्या."

"तसं नाही हो मावशी," मी म्हणालो, पण त्यांनी माझ्याकडे आणखीच कौतुकानं पाहिलं.

मॅडम वाकल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, "चला, गाडी लागली," म्हणाल्या आणि एकदाही माझ्याकडे न बघता चढल्या. खिडकीतून सासूबाई गाडी वळेपर्यंत मला हात जोडत होत्या.