आखाजीची घागर आणि साडेचारशेचा वेग

कुणाच्या अंगात आलं की गर्दीत मागून "आधी नाडी बघा हो यांची" म्हणणारी एक आगाऊ बाई असते ना, ती मी. जळगावात शाळेत विज्ञान शिकवते. नवीन लग्न झालं तेव्हा सासरच्या परसातला 'धूर सोडणारा मुंजा' खोटा आहे हे सिद्ध करायला भर संध्याकाळी झाडामागे गेले होते. मुंजा नव्हताच. चुलतसासरे चोरून विडी ओढत होते. ते आजतागायत माझ्याशी धड बोलत नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की बाईंना ऊन लागलं असेल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी तिथे होते...

माझं माहेर धुळ्याचं. आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे आबांचं, माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आबा त्यांना नवी तांब्याची तार भरायचे. खोलीला कायम व्हार्निशचा वास. आबांची एक सवय होती. मोटार असो, रेडिओ असो की तापलेलं पोर, हात लावायचे तो उलटा. तळवा कधी नाही. करंट असला तर उलटा हात झटकन मागे येतो, तळहात मात्र चिकटून बसतो, म्हणून. चार बोटांच्या मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि निकाल द्यायचा — "टिकस." म्हणजे टिकेल. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा कपाळाला उलटा हात लावून "टिकस" म्हणाले होते.

ते गेले वैशाखात. शिरपूरकडच्या एका मळ्यात मोटार उघडून बसले होते. शेतमालक सामान आणायला गावात गेलेला. ऊन लागलं. मोटार उघडलेली, बादली नाही, दोर नाही... विहिरीच्या काठावरच पडलेले सापडले. ज्यांनी आणलं त्यांच्यापैकी एकजण सहज बोलून गेला, "खाली पाणी नुसतं चमकत होतं." माय तेव्हा दारातच उभी होती. ते वाक्य तिनं ऐकायला नको होतं.

मी सांगतेय ती त्यानंतरची पहिली आखाजी. म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात तिला असं कुणी म्हणत नाही. नव्वदच्या दशकाचा अगदी शेवट. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी मीही आले होते. आणि वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं घरात मातीची नवी घागर भरतात, वर डांगर ठेवतात. (आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. सासरच्या पुणेरी पाहुण्यांना मी एकदा 'पाण्यावर डांगर' सांगितलं, तर ते भोपळा घेऊन आले.) त्या घागरीतलं पाणी गेलेल्या माणसाचं. दिवस मावळेपर्यंत घरातलं कुणी तिला हात लावत नाही. मायनं सकाळीच घागर भरली, आणि बराच वेळ तिच्यापुढे बसून राहिली.

पुढच्या खोलीत आता आबांच्या जागी माझा धाकटा भाऊ संजू बसायचा. त्याचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा. बदामाच्या आकारात नवरा, गुलाबाच्या पाकळीतून नवरी, असले प्रकार. त्याच्याकडचा कॉम्प्युटर बेताचा, तीनशे मेगाहर्ट्झचा सेलेरॉन. आणि त्याला हाव साडेचारशेच्या महागड्या पेंटियमची.

"अक्का, याच्यावर छाप तीनशेचा आहे, पण दम साडेचारशेचा," तो मला सांगत होता. "मदरबोर्डवरचा एक जंपर, हे एवढंसं टोपण, हलवायचा, बस. पेंटियमच्या तोंडात मारतो."

"म्हणजे म्हशीला टांग्याला जुंपायचं."

"पळते ना पण!"

पळत होती. फक्त पळता पळता तापत होती. थंडीत सगळं छान चाललेलं, पण धुळ्याच्या वैशाखात, पत्र्याच्या खोलीत? सकाळपासून तीनदा रेंडर, म्हणजे सगळी दृश्यं जोडून पक्की फिल्म बनवायचं काम, लावलं आणि तिन्ही वेळा मशीन एकाच जागी हँग झालं. पडद्यावर नवरा-नवरी समोरासमोर उभे, मध्ये अंतरपाट. तो काही खाली येईना.

एरवी मी हसले असते. पण ते लग्न लताचं होतं. लता पलीकडच्या वस्तीतली, महिन्याभरापूर्वी यावलला दिलेली. लग्न तिकडेच लागलं. तिचे वडील, नाना, अंथरुणाला खिळलेले, त्यांना तिथं नेताच आलं नव्हतं. आता डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं... कशासाठी ते सगळ्यांना कळलं होतं. नानांना एकच हवं होतं, लेकीचं लग्न बघायचं. कॅमेऱ्याची टेप छोटी, घरच्या व्हीसीआरमध्ये बसत नाही, आणि कॅमेरा दुसऱ्या लग्नाला नाशिककडे गेलेला. जे होतं ते या मशीनमध्ये, आणि रेंडर पूर्ण झाल्याशिवाय बाहेर निघणार नाही. तीनशेच्या वेगानं दुसरा दिवस उजाडला असता. नानांच्या दुसऱ्या दिवसाची खात्री कुणी देत नव्हतं.

लता सकाळीच येऊन गेली होती. नखांवरची मेंदी पुरती गेलेली नव्हती. "संजूभाऊ, नाना विचारताय, आज होईल ना?" एवढंच म्हणाली. ती गेल्यावर संजू मला म्हणाला, "आपल्या बापाला पाणी पोचलं नाही. तिच्या बापाला कॅसेट तरी पोचू दे."

दुपारी आगारी टाकून झाली — म्हणजे पितरांचा घास विस्तवावर वाढला. आम्ही जेवलो. माय जरा आडवी झाली. मी आमरसाची वाटी घेऊन पुढच्या खोलीत गेले, तर कॅबिनेटची एक बाजू उघडी, टेबलफॅन सुरू, आणि फॅन आणि मशीनच्या मध्ये ओल्या टॉवेलात गुंडाळलेली... घागर.

"संज्या! ते आबांचं पाणी आहे."

"आबांना विचारून घेतलं."

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत."

माझ्यातली विज्ञानशिक्षिका अशा वेळी नको तिथे जागी होते. मी म्हटलं, फार तर दोन-चार अंशांचा फरक पडेल, एवढ्यानं काही होत नाही. तोवर त्यानं रेंडर लावलं होतं.

अंतरपाट खाली आला.

आम्ही दोघं बघत राहिलो. अक्षता पडल्या, हार घातले गेले, पुढचं पुढचं सरकत राहिलं, इतक्या झपाट्यानं की संजूचंही तोंड उघडं राहिलं. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत काहीतरी कमी आहे. आवाज. प्रोसेसरवरचा छोटा पंखा सतत करकर करायचा, तो ऐकू येत नव्हता. वाकून पाहिलं तर पंखा बंद. पाती स्थिर.

"संजू, बंद कर, जळेल!"

मी बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. तापलं होतं म्हणून नाही. प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बर्फासारखा गार होता आणि त्यावर दव धरलं होतं. बाहेर डांबर वितळत होतं हो. धुळ्याच्या कोरड्या हवेत, भर वैशाखात, दव?

संजूनं स्विचवर हात ठेवला... आणि काढून घेतला. "नाना," एवढंच पुटपुटला.

तेवढ्यात आतून मायचा आवाज आला. "घागर कोठे गई वं?"

ती दारात आली. टॉवेल बघितला, मशीन बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "तुना बाप पानी पानी करत गया. आनि त्यानं पानी तू मशीनले पाजस?"

संजूचा चेहरा पाहवेना. मायनं पुढे होऊन डांगर उचललं आणि आत बघितलं. मग मला बघ म्हणाली. सकाळी काठोकाठ भरलेली घागर कोरडी ठणठणीत होती. मी तळाला हात फिरवला, बोटांना नुसती माती लागली. कुठे चीर नाही. खाली फरशी कोरडी, टॉवेल मात्र अजून ओला.

रेंडर पूर्ण झालं. कॅसेट भरली. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं ती घेऊन नानांकडे पोचलो. आमची-त्यांची ओळख त्या लग्नाच्या ऑर्डरपुरतीच होती. आबांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. हे मी नंतर लताकडून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतलंय.

नानांना उशीला टेकवून बसवलं. लतानं त्यांचा हात धरला. अंतरपाट खाली आला तेव्हा नाना हसले. कन्यादान बघितलं. संजूनं चार पाकळ्यांचं गुलाबाचं फूल उमलवलं होतं, ते बघून म्हणाले, "हाई कसं करं?" सगळे हसलो. मग त्यांनी पाणी मागितलं. लतानं तांब्या तोंडाला लावला, घटाघटा प्यायले. तांब्या बाजूला सारून त्यांनी टीव्हीकडे बघितलं... टीव्हीच्या शेजारी.

"त्या बाबाले बी पानी द्या. कव्हाना उभा शे."

लता म्हणाली, "कोन बाबा, नाना? तो संजूभाऊ शे."

"तो नही वं. म्हतारा. टीव्हीले उलटा हात लाई देखी राहिना."

तिथं कुणी नव्हतं. संजू माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता. मी उठले, पेला भरला आणि टीव्हीपाशी ठेवला. होय, मीच, नाडी बघा म्हणणारी. नाना तासाभरात गेले. लेकीचं लग्न बघून गेले, हे लता अजूनही सांगते.

परत आलो. मायला सांगितलं. ती म्हणाली, "आनि पिना का तो?"

त्या गडबडीत पेल्याकडे परत कुणी बघितलंच नव्हतं.

मी माझ्यापरीनं कारणं शोधली. पंख्याची वायर सैल असेल, टेबलफॅननं काम भागलं असेल, घागर कच्ची भाजलेली असेल. दव कुठून आलं याला उत्तर नाही. तो प्रोसेसर पुन्हा कधी साडेचारशेवर चालला नाही, भर थंडीतसुद्धा. संजूनं जंपर परत जागेवर बसवला आणि पुढे कुठल्याही मशीनला त्याच्या ऐपतीबाहेर पळवलं नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. मातीची नवी घागर उन्हाळ्यात पाझरते. पाझरणारच, म्हणून तर पाणी गार होतं. हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवते. त्या वर्षानंतर आमच्याकडे आखाजीला भरलेली घागर पाझरत नाही. आम्ही कुंभार बदलले. एकदा मी स्वतः जळगावहून घागर नेली. शेजारी तशीच दुसरी भरून ठेवली, तर ती घामेजते, खाली ओल धरते. आबांच्या नावाची तेवढी बाहेरून कोरडी, आणि पाणी सकाळी जिथं होतं तिथंच, काठाला.

दिवस मावळला की माय डांगर उचलते, आत बघते. आता तिला नीट दिसत नाही, म्हणून बोट घालून बघते. मग पदराला बोट पुसते आणि दरवर्षी तेच म्हणते —

"औंदा बी नही पिनात."