रेडिओची खरखर आणि उंबराला टांगलेला फोन

श्रीहरीची कृपादृष्टी आपणा सर्वांवर राहो, अशी प्रार्थना करून आजचा अनुभव निवेदन करतो.

वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत मोबाईलची रेंज केवळ आमच्या घरामागच्या टेकाडावरच्या उंबराखाली मिळते. महत्त्वाचा फोन यायचा असला, की माणसे मोबाईल पिशवीत घालून फांदीला टांगतात आणि खाली बसून राहतात. आज शेजारच्या सखूबाई बसल्या होत्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी भोरच्या दवाखान्यात आहे.

दुपारी माझा जुना रेडिओ एकाएकी खरखरू लागला. बाहेर लख्ख ऊन होते. परंतु मीडियम वेव्हच्या रेडिओला दूरची वीज आधी ऐकू येते. मी अंगणातून हाक मारली, "सखूबाई, वीज येतेय! खाली या!"

"आबा, ऊन पडलंय की! लेकीचा फोन यायचाय, म्या न्हाई हलायची."

"फोन राहू द्या तिथेच. नातवंडाला आजी हवी."

त्या पुटपुटत उतरल्या. "बातम्या धड सांगता येत न्हाईत त्या रेडिओला, आन् म्हणं वीज सांगतोय!"

घटकाभरात आभाळ काळवंडले आणि उंबराशेजारचा साग विजेने उभा चिरला.

पाऊस ओसरल्यावर आम्ही वर गेलो. ओली पिशवी जागच्या जागी होती, आणि थोड्याच वेळात आतला फोन वाजला. मुलगी झाली! सखूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आबा, पहिला पेढा रेडिओफुडं ठेवा."

आपल्याकडेही कोणी झाडाखाली रेंज शोधत बसते का? त्यांना हे अवश्य सांगावे.

वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अशीच शुभवार्ता येवो, आणि ती ऐकायला सारे सुखरूप असोत.